'रिजेक्शन'ची भावंडं: तोंडात असलेल्या शब्दांपासून इंग्रजी कशी वाढवायची

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात कुठल्याही फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, तासभर उभं राहा. मोल्डिंग, कोअर शॉप, कास्टिंग, फेटलिंग, मशिनिंग, इन्स्पेक्शन, रिजेक्शन, डिस्पॅच हे शब्द शाळा अर्ध्यात सोडलेल्या हेल्परच्या तोंडातही गुळासारखे विरघळलेले असतात. 'आज रिजेक्शन लई आलंय' असं म्हणताना आपण इंग्रजी बोलतोय हे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच फौंड्रीतल्या सुपरवायझरला पुण्याच्या कंपनीला मेल लिहायला बसवलं की मात्र पहिली ओळ येते, '12 कास्टिंग इज रिजेक्शन.' शब्द ठाऊक आहे, स्पेलिंग बरोबर आहे, समोरच्याला मुद्दाही कळतो. चुकलं ते शब्दाचं रूप. तिथे 'रिजेक्टेड' बसायला हवं होतं.

'माझा शब्दसंग्रह कमी पडतो' अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांची खरी अडचण हीच असते. शब्द बरेच असतात, पण प्रत्येक कुटुंबातला एकेकच. रिजेक्शन घरात आलं. रिजेक्ट, रिजेक्टेड, रिजेक्टिंग ही भावंडं दाराबाहेरच राहिली. म्हणून नवे अवघड शब्द घोकण्याआधी तोंडातल्या शब्दांची भावंडं गोळा करावीत. 'रोज दहा हार्ड वर्ड्स'वाले तक्ते भिंतीवर छान दिसतात. पण त्यातला शब्द वापरायची वेळ आठवड्यात एकदाही येत नाही आणि न वापरलेला शब्द महिन्याभरात पुसला जातो.

मराठीत आला की शब्द गोठतो

मराठी इंग्रजी शब्द घेते खरी, पण त्याला हातपाय हलवू देत नाही. 'इन्स्पेक्शन केलं', 'ॲडमिशन झालं', 'डिलिव्हरी दिली', 'अप्लाय केलंय', 'ॲडजस्ट करून घे'. काळ, लिंग, वचन सगळं सांभाळतात ते आपले करणे, होणे, देणे, घेणे. इंग्रजी शब्द मागच्या सीटवर पाहुण्यासारखा बसून असतो आणि गाडी मराठी क्रियापद हाकतं. इंग्रजीत बोलायची वेळ आली की ड्रायव्हर उतरून जातो आणि पाहुण्यालाच स्टेअरिंग धरावं लागतं. मग 'ही सक्सेस इन एक्झाम', 'आय ॲम टेन्शन', 'टॅप इज लीकेज' अशी वाक्यं होतात. हवं असतं 'ही सक्सीडेड इन द एक्झाम', 'आय ॲम टेन्स' आणि 'द टॅप इज लीकिंग'. त्यातही 'टेन्स' हा शब्द व्याकरणाने बरोबर असला तरी रोजच्या बोलण्यात 'आय ॲम वरीड' जास्त ऐकू येतं.

स्वतःच्या भाषेत ही सगळी रूपं आपण न शिकता वापरतो. टिकणे, टिकाऊ, टिकाऊपणा. शिकणे, शिकवणे, शिकवणी, शिकाऊ, शिक्षण, शैक्षणिक. 'ही टिकाऊपणा चप्पल आहे' असं कोल्हापुरात दुसरीतलं पोरगंही म्हणणार नाही. '12 कास्टिंग इज रिजेक्शन' हे इंग्रजी कानाला नेमकं तितकंच खटकतं.

भाषा शिकवण्याचा अभ्यास करणारे लोक शब्द मोजताना पुष्कळदा सुटे न मोजता कुटुंबं मोजतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेला हिशेब असा, की मदतीशिवाय इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायला 8000 ते 9000 शब्दकुटुंबं लागतात आणि बोललेलं समजायला 6000 ते 7000. आकडा मोठा वाटतो. पण तिथल्याच ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची अभ्यासविषयक शब्दांची यादी पाहा: कुटुंबं 570, आणि त्यांची रूपं धरली तर सुमारे 3000 शब्द. म्हणजे एक कुटुंब नीट कळलं की सरासरी पाच शब्द हाती लागतात.

कुठल्या खुर्चीत कोण बसतं

मराठीत प्रत्यय लागलेले असल्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत जागा पक्की असते, आणि त्या जागेवर कुठलं रूप बसेल तेही पक्कं असतं. कॅन, विल, मस्ट, डिड यांच्यानंतर क्रियापदाचं साधं रूप. अ, द, माय, धिस यांच्यानंतर नाम, किंवा मग विशेषण आणि नाम अशी जोडी. इज, वॉज, आर यांच्यानंतर 'कसा आहे' हे सांगायचं असेल तर विशेषण. आणि क्रिया कशी झाली हे सांगायला क्रियाविशेषण.

'रिलाय' हे कुटुंब या खुर्च्यांवर बसवून पाहू. 'वुई कॅन रिलाय ऑन धिस सप्लायर' इथे क्रियापद आहे. 'ही इज रिलायबल' इथे विशेषण. 'द मशीन रन्स रिलायबली' इथे क्रियाविशेषण. 'द रिलायबिलिटी ऑफ द मशीन' यात भरवशाचा असण्याचा गुण, आणि 'टू मच रिलायन्स ऑन वन सप्लायर' यात कुणावर तरी विसंबून राहणं. नामं दोन, अर्थ वेगळे. स्पेलिंगमध्ये 'रिलाय'चा शेवटचा वाय बाकीच्यांत आय होतो. 'ऑन' हा सोबती रिलाय आणि रिलायन्स यांच्यामागे येतो, रिलायबलमागे येत नाही. एवढी माहिती एका पानावर बसते आणि ती रोज लागणारी असते.

शेपूट पाहून रूप ओळखता येतं. शन, मेंट, नेस, इटी, अन्स हे नामाचे शेवट. फुल, लेस, अबल, अस, इव्ह हे विशेषणाचे. ली बहुतेक वेळा क्रियाविशेषणाचं. कमी शिकवलं जाणारं आणि कारखान्यात सर्वांत उपयोगी पडणारं शेपूट आहे 'एन'. काही विशेषणांना हे लावलं की क्रियापद तयार होतं. 'नट टाइट कर' याचं इंग्रजी 'टाइटन द नट'. तसंच लूजचं लूसन, वाइडचं वाइडन, शार्पचं शार्पन, शॉर्टचं शॉर्टन. 'मेक इट टाइट' म्हटलं तरी चालतं, पण ड्रॉइंगवर आणि मॅन्युअलमध्ये 'टाइटन'च छापलेलं असतं. 'हार्ड'चं अख्खं कुटुंब तर मशीन शॉपमध्ये वावरतं: हार्ड मटेरियल, जॉब हार्डन करणे, हार्डनिंग, हार्डनेस, हार्डनेस टेस्टर.

आणि याच कुटुंबात एक तोतया आहे, 'हार्डली'. तो हार्डचं क्रियाविशेषण असावा असं वाटतं, पण त्याचा अर्थ 'जेमतेम, जवळजवळ नाहीच'. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे राबतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामाला हातच लावत नाही. शिफारसपत्रात ही अदलाबदल झाली तर माणसाची नोकरी जायची. 'लेट' आणि 'लेटली' यांचंही तसंच. लेटली म्हणजे अलीकडे, उशिरा नव्हे. 'फास्ट'ला तर ली लागतच नाही. 'फास्टली' असा शब्द नाही. आणि 'फ्रेंडली'च्या शेवटी ली असूनही तो विशेषण आहे.

वर्कशॉपमुळे आपल्याला 'एज'वालं घराणं चांगलं माहीत असतं: लीकेज, वेस्टेज, शॉर्टेज, ब्रेकेज, श्रिंकेज. इथे घरात नामं आली आणि क्रियापदं बाहेर राहिली. लीक, वेस्ट, ब्रेक, श्रिंक ही ती क्रियापदं, आणि रोजच्या बोलण्यात तीच चालतात. स्वयंपाकघरातल्या गॅसबद्दल माणसं 'देअर इज अ गॅस लीक' म्हणतात. 'लीकेज' हा रिपोर्टमध्ये शोभणारा शब्द.

'अर' या शेपटावर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नये. वेल्डर, टर्नर, फिटर, मोल्डर ही सगळी माणसं. ग्राइंडर माणूसही असतो आणि मशीनही. म्हणून 'कुक' करणारी ती 'कुकर' असं गणित मांडून किती तरी पोरांनी निबंधात 'माय मदर इज अ गुड कुकर' लिहिलेलं आहे. कुक हे क्रियापदही आहे आणि माणूसही; कुकर म्हणजे शिट्टी वाजवणारं भांडं. तसाच वितळण्याचा एक खाचखळगा. मेल्टचं साधं रूप मेल्टेड, पण फर्नेसमधल्या धातूला 'मोल्टन मेटल' म्हणतात. मेल्टेड हे लोणी, चीज, आइस्क्रीम यांच्यासाठी. नियमाने हे काढता येत नाही, जोडीनेच लक्षात ठेवावं लागतं.

भावंडांचे सोबती वेगळे

आता जी चूक पदवीधरही करतात तिच्याकडे येऊ. 'वुई डिस्कस्ड अबाउट द ऑर्डर' हे वाक्य चुकीचं आहे हे शिक्षक सांगतात, पण चूक का होते ते कुणी सांगत नाही. कारण मराठीत आहे. आपण 'ऑर्डरबद्दल चर्चा केली' म्हणतो. आपल्या वाक्यात 'चर्चा' हे नाम आहे आणि 'बद्दल' त्याला चिकटलेलं आहे. इंग्रजीतही नामाला ते चालतं: 'अ डिस्कशन अबाउट द ऑर्डर' अगदी शुद्ध. क्रियापदाला मात्र चालत नाही: 'वुई डिस्कस्ड द ऑर्डर.' म्हणजे आपण नामाचा सोबती उचलून क्रियापदाला लावला.

ही गोम कळली की डझनभर चुका एका झटक्यात सुटतात. 'रजेसाठी विनंती' म्हणून 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर. पण 'आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' चूक, 'आय रिक्वेस्टेड लीव्ह' बरोबर. 'दोन मिसळींची ऑर्डर' म्हणजे 'ॲन ऑर्डर फॉर टू मिसळ्स', पण 'वुई ऑर्डर्ड टू मिसळ्स'. 'एम्फसिस ऑन क्वालिटी' चालतं, 'एम्फसाइझ ऑन क्वालिटी' चालत नाही. 'अ डिमांड फॉर अ बोनस', पण 'दे डिमांडेड अ बोनस'. 'लॅक ऑफ पॉवर' नाम, 'वुई लॅक पॉवर' क्रियापद. लग्नाचं प्रकरण थोडं वेगळं आहे: 'ही मॅरीड हर', तिथे विथ नको, आणि 'ही इज मॅरीड टू हर', तिथे विथच्या जागी टू.

याला अपवाद आहेतच. 'कम्प्लेन अबाउट' आणि 'कम्प्लेंट अबाउट' दोन्ही बरोबर. पण तिथे दुसरी मेख आहे. आपण कम्प्लेंट 'देतो', म्हणून 'गिव्ह अ कम्प्लेंट' होतं. इंग्रजीत कम्प्लेंट 'मेक' करतात. परीक्षा आपण देतो, ते 'टेक' करतात. चूक आपण करतो, तेही करतात, पण 'डू' नाही, 'मेक अ मिस्टेक'. होमवर्क मात्र 'डू'. यात तर्क शोधत बसू नये. आपणही चहा 'टाकतो', शपथ 'घेतो', पाऊस 'पाडत' नाही तर तो 'पडतो', आणि 'लई भारी' म्हणतो पण 'लई उत्तम' म्हटलं तर तालमीतली पोरं हसतील. शब्दांची अशी लग्नं प्रत्येक भाषेत आधीच जुळलेली असतात. म्हणून कडक चहा 'स्ट्राँग टी' होतो, हार्ड टी होत नाही. आणि जोराचा पाऊस 'हेवी रेन'.

'इंग' आणि 'एड' यांची गल्लत याच जातीची, पण सोडवायला सोपी. कंटाळवाणा म्हणजे 'बोअरिंग', कंटाळलेला म्हणजे 'बोअर्ड'. 'आय ॲम बोअरिंग' म्हणणारा स्वतःलाच रटाळ म्हणत असतो. टायरिंग आणि टायर्ड, कन्फ्यूजिंग आणि कन्फ्यूज्ड, इंटरेस्टिंग आणि इंटरेस्टेड. मराठीतलं '-वाणा' आणि '-लेला' डोक्यात ठेवलं की विसर पडत नाही.

नकार आणि संधी

अशक्य, बेजबाबदार, गैरहजर, नापसंत. कुठल्या शब्दाला 'अ', कुठल्याला 'बे', हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. 'अहजर' कानालाच चुकीचं लागतं. इंग्रजीतले अन, इन, डिस, नॉन हे असेच. त्यातल्या 'इन'ला मात्र नियम आहे आणि तो मराठी माणसाला फुकट मिळतो. पॉसिबलचं 'इम्पॉसिबल' होतं, लीगलचं 'इल्लीगल', रेग्युलरचं 'इर्रेग्युलर'. उपसर्ग मूळचा इनच, पण पुढच्या अक्षराला शरण गेलेला. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, सत् अधिक जन म्हणजे सज्जन, हे आठवा. शाळेतली व्यंजनसंधी ती हीच. आणि 'संपत' म्हणताना अनुस्वाराचा म् होतो, 'संत' म्हणताना न्, कारण प उच्चारायला ओठ मिटावे लागतात. इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इममेच्युअर यांत इंग्रजी ओठांनी तेच केलं आहे. स्पेलिंगमध्ये दोन एल, दोन आर, दोन एम का येतात याचा उलगडाही इथेच होतो: एक उपसर्गाचा, एक शब्दाचा.

एक धोक्याची सूचना. पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. इथला इन नकाराचा नाही. शब्द 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे यापासून आला, म्हणून इन्फ्लेमेबल आणि फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ 'चटकन पेट घेणारं'. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. तसंच 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे निरुपयोगी नव्हे, अनमोल.

मुळाचा उपयोगही थोडा सांगायला हवा. रिजेक्शनमधला 'जेक्ट' लॅटिनमधला, अर्थ फेकणे. परत फेकणे रिजेक्ट, आत फेकणे इंजेक्ट, पुढे फेकणे प्रोजेक्ट. दवाखान्यातलं इंजेक्शन, डिझेल इंजिनाचा इंजेक्टर, हॉलमधला प्रोजेक्टर हे सगळे चुलते. लक्षात ठेवायला हे गमतीशीर आहे. पण मुळावरून अर्थ ओळखण्याचा नाद जास्त करू नये. 'सब्जेक्ट'मध्ये कोण कुणाला काय फेकतंय हे ओळखून विषय समजत नाही.

आवाज कुठे पडतो

मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने बोलतो. इंग्रजीत एकाच अक्षरावर भार पडतो, आणि रूप बदललं की भार सरकतो. फोटोग्राफमध्ये तो पहिल्या अक्षरावर, फटॉग्रफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. शन, इक आणि इटी यांच्या लगेच आधीच्या अक्षरावर भार येतो एवढं बहुतेक वेळा खरं निघतं. इलेक्ट्रिकमध्ये 'लेक'वर, इलेक्ट्रिसिटीमध्ये 'ट्रि'वर.

काही शब्द नाम आणि क्रियापद दोन्ही असतात, आणि फरक नुसत्या भाराने कळतो. क्रियापद 'रिजेक्ट' दुसऱ्या अक्षरावर. पण बाद झालेला पीस म्हणजे 'रीजेक्ट', पहिल्यावर. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, परमिट, रेकॉर्ड यांचंही तसंच. मार्केट यार्डात उतरणाऱ्या शेतमालाला 'फार्म प्रॉड्यूस' म्हणतात, भार पहिल्यावर. कारखाना साखर 'प्रोड्यूस' करतो, भार दुसऱ्यावर. शेतमाल मोजता येत नाही म्हणून त्याला एस लावत नाहीत. पोत्यातून विकतात ते 'प्रॉडक्ट' मात्र मोजता येतं.

रूप बदलताना स्पेलिंग गळतं तिथेही सावध राहावं. मेन्टेनच्या शेवटच्या 'टेन'मध्ये ए-आय असतात, 'मेंटेनन्स'मध्ये त्यांच्या जागी ई येतो. प्रनाउन्समधला 'नाउन' प्रनन्सिएशनमध्ये 'नन' होतो. एक्स्प्लेनचा आय एक्स्प्लनेशनमध्ये गायब. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, स्पेलिंगात सी, उच्चारात स. ॲडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे, स्पेलिंगात एस, उच्चारात झ. आणि सल्ले कितीही दिले तरी 'ॲडव्हाइसेस' नाही. इन्फॉर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर हेही एकवचनीच.

चप्पल लाइनमध्ये

कुटुंब पाठ झालं तरी दुकानात कुठलं रूप तोंडातून काढायचं हे वेगळं शिकावं लागतं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधलं, म्हणजे चपलांच्या बाजारातलं, एक संभाषण घेऊ. परदेशी गिऱ्हाईक विचारतं, 'आर दीज ड्युरेबल?' उत्तर येतं, 'यस, व्हेरी ड्युरेबिलिटी.' 'व्हेरी ड्युरेबल' म्हटलं असतं तर शुद्ध झालं असतं. पण सहज इंग्रजी आहे, 'यस, दे लास्ट फॉर इयर्स.' इथला 'लास्ट' आपल्या ओळखीचा आहे, फक्त 'लास्ट स्टॉप', 'लास्ट डेट' म्हणून. टिकणे या अर्थाचं क्रियापद म्हणून तो आपल्याला कुणी भेटवलेला नसतो. साध्या शब्दांची अशी दुसरी कामं शिकणं, जडजंबाळ नाम शिकण्यापेक्षा जास्त कामाला येतं. 'ऑइल देम वन्स अ मंथ', 'कीप देम ड्राय' यांतही जुनेच शब्द नव्या कामाला लागले आहेत.

गिऱ्हाईक पायात घालून बघतं. नवी चप्पल मराठीत चावते, म्हणून भारतात 'शू बाइट' रूढ झालं. बाहेरच्या माणसाला ते कळेलच असं नाही; तो 'दे रब' किंवा 'दे पिंच' म्हणतो. 'दे मे रब ॲट फर्स्ट, बट दे सॉफन विद यूज' असं सांगितलं की त्याची काळजी मिटते. हे 'सॉफ्ट'चं क्रियापद, 'एन' शेपटाचं, स्पेलिंगमध्ये टी असलेलं पण उच्चारात नसलेलं. कर्र आवाजाबद्दल विचारलं तर क्रियापद 'स्क्वीक', विशेषण 'स्क्वीकी'.

चामड्याची गोष्ट निघाली तर 'टॅन' कुटुंब लागतं. कातडं कमावणे म्हणजे टॅन, कमावणं टॅनिंग, कमावणारा टॅनर, ती जागा टॅनरी. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. याला इंग्रजीत 'व्हेजिटेबल टॅन्ड' म्हणतात. यातला व्हेजिटेबल म्हणजे भाजी नव्हे, वनस्पतीपासूनचं. व्हेजिटेबल आणि कम्फर्टेबल यांत शेवटचं 'टेबल' उच्चारत नाहीत, 'टबल' म्हणतात; कम्फर्टेबल तर 'कम्फ्टबल' इतका आखडतो.

या चपलेला 2019 मध्ये मिळालेल्या जीआयचं पूर्ण रूप 'जिऑग्राफिकल इंडिकेशन'. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. इंडिकेशन शब्द जड वाटतो, पण बुलेटचा 'इंडिकेटर' रोज लावतोच की. इंडिकेट म्हणजे दाखवणे, इंडिकेटर दाखवणारा, इंडिकेशन खूण. माल कुठला हे दाखवणारी खूण, एवढाच अर्थ.

वही

शंभर पानी वही पुरते. एका पानावर एक कुटुंब, आठवड्याला पाच. उरलेले दोन दिवस फक्त उजळणी. सुरुवात तोंडात आधीच असलेल्या शब्दापासून करायची: कामावर, कॉलेजात, बँकेत दिवसभरात बोललेले इंग्रजी शब्द संध्याकाळी आठवून त्यातला एक घ्यायचा. पानावर चार उभे रकाने: नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण. विद्यार्थ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यायचा, कारण त्यात मोजता येणाऱ्या नामापुढे सी आणि न मोजता येणाऱ्यापुढे यू छापलेलं असतं आणि सोबती शब्दही दाखवलेले असतात. रकाना रिकामा राहिला तर राहू द्यावा. तो भरण्यासाठी स्वतः शेपूट लावून शब्द बनवला की 'फास्टली' जन्माला येतो.

प्रत्येक रूपापुढे मराठी अर्थ लिहू नये. 'रिजेक्शन: नाकारणे, रिजेक्ट: नाकारणे' असं दोनदा लिहून फरक कळत नाही. त्याऐवजी स्वतःच्या दिवसातलं एक छोटं वाक्य लिहावं आणि सोबती शब्दाखाली रेघ ओढावी. एका पानाला वीस मिनिटं लागतात. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि साधारण बाविसाव्या दिवशी, म्हणजे मधलं अंतर वाढवत नेत. उजळणी म्हणजे वाचन नव्हे: तीन रकाने हाताने झाकायचे आणि एका रूपावरून बाकीची मोठ्याने म्हणायची. नुसतं वाचलं की सगळं येतंय असा भास होतो.

तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांची वही ढेपाळते, आणि कारण ठरलेलं असतं: उत्साहात एकाच दिवशी सारखी दिसणारी कुटुंबं घेतलेली असतात. इंडस्ट्रियल म्हणजे उद्योगाचा, इंडस्ट्रियस म्हणजे कष्टाळू. इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा. सेन्सिबल समंजस, सेन्सिटिव्ह हळवा. अशा जोड्या एकत्र शिकल्या तर एकमेकींत मिसळतात. एक आधी मुरू द्यावी, दुसरी पंधरा दिवसांनी घ्यावी.

वही कामाला आली का, हे जुना मेल पुन्हा लिहून कळतं. फौंड्रीतला तो मेल पूर्ण असा होता: '12 कास्टिंग इज रिजेक्शन. रीझन इज ब्लो होल. वुई डिस्कस अबाउट धिस अँड वुई आर इन्व्हेस्टिगेशन. न्यू डिलिव्हर ऑन मंडे.' (ब्लो होल म्हणजे ओतीव भागात वायू अडकून पडलेलं छिद्र.) रूपं आणि सोबती जागेवर बसवल्यावर तो असा होतो: 'वुई हॅव रिजेक्टेड 12 कास्टिंग्ज बिकॉज ऑफ ब्लोहोल्स. वुई हॅव डिस्कस्ड धिस विद द मोल्डिंग टीम अँड आर इन्व्हेस्टिगेटिंग द कॉज. द रिप्लेसमेंट्स विल बी डिलिव्हर्ड ऑन मंडे.' यात सुपरवायझरला नवा असेल तर एखादा 'रिप्लेसमेंट'. तो उद्याच्या पानावर घ्यावा: रिप्लेस, रिप्लेसमेंट, रिप्लेसेबल, आणि क्रियापदाचा सोबती 'विद', जसं 'रिप्लेस द ओल्ड पॅटर्न विद अ न्यू वन'. क्रियाविशेषणाचा रकाना रिकामा.